घरगुती मत्स्यपेटीचा पार्श्वपट : निवड व मांडणी

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले अणदूर हे गाव खंडोबाच्या देवस्थानामुळे सर्वत्र परिचित आहे. नळदुर्गचा किल्ला व बोरी नदी येथून जवळच आहेत. हा काळ्या कातळाचा प्रदेश होय. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक आणि विहिरींचे पाणी सामान्यतः जड. अशा गावातील एखाद्या घरी काचेची मत्स्यपेटी आणली गेली म्हणजे पेटी कोठे ठेवावी, पाणी कोणते घालावे, मासे कोणते आणावेत, या प्रश्नांचा थोडाबहुत विचार होतो. पेटीच्या मागील बाजूस काय असावे, हा प्रश्न मात्र बहुधा दुकानदारच सोडवितो. एका बाजूस निळा समुद्रतळ व दुसऱ्या बाजूस हिरवी पाणवनस्पती छापलेला चकचकीत कागद तो कापून देतो, आणि घरी आल्यावर तो चिकटपट्टीने मागील काचेवर लावला जातो. गोड्या पाण्यातील गप्पी मासा त्यामुळे प्रवाळांच्या देखाव्यापुढे पोहू लागतो.

हा प्रश्न केवळ शोभेचा आहे, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. मत्स्यपेटीच्या मागील पृष्ठास येथे 'पार्श्वपट' ही संज्ञा योजिली आहे. पार्श्वपट दोन बाजूंनी पाहिला जातो : बाहेरून मनुष्याकडून व आतून माशाकडून. मनुष्य तो घटकाभर पाहतो. माशाला तो अहोरात्र पाहावा लागतो, आणि त्याच्या शरीराचा रंगही अंशतः या भोवतालावर अवलंबून असतो. म्हणून पार्श्वपटाची निवड या दोन्ही दृष्टींनी करणे आवश्यक आहे. दोन्ही दृष्टींनी विचार केला असता एकाच प्रकारच्या उत्तराकडे यावे लागते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. पूर्वपीठिका

घरात मासे व पाणवनस्पती यांचा समतोल राखता येतो, हे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये मांडले. फिलिप हेन्री गॉस याचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १८५४ मध्ये निघाला आणि त्यानंतर घरगुती मत्स्यपेटीची आवड इंग्लंडमध्ये झपाट्याने पसरली. आरंभीच्या पेट्यांना चारही बाजूंनी काच असे. अशा पेटीत प्रकाश सर्व दिशांनी शिरतो, शेवाळ माजते आणि मासे बुजरे राहतात, हे अनुभवास येऊ लागले. वॉरिंग्टनने लवकरच निराळ्या घडणीची पेटी योजिली. तिच्या केवळ समोरच्या बाजूस काच होती. मागील बाजू पाटीच्या दगडाची व उतरती होती, आणि प्रकाश वरून येत असे. ओढ्यात किंवा डोहात माशाला उजेड वरून मिळतो आणि त्याच्या बाजूंना व खाली कातळ, माती व सावली असते. त्या स्थितीचे हे अनुकरण होते. पार्श्वपटाचा उगम अशा रीतीने जीवशास्त्रीय गरजेतून झालेला आहे. चित्राचा कागद त्यामानाने अलीकडचा.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मराठी प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना काचेआडचे मासे दाखविले. अशा सार्वजनिक मत्स्यालयांत सामान्यतः प्रेक्षकाची जागा अंधारी व पाणी वरून प्रकाशित ठेवण्याची पद्धत असते. या पद्धतीमागील तत्त्व अणदूरच्या रहिवाशाला आपल्या शेजारीच पाहावयास मिळते. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले म्हणजे महालाच्या गवाक्षासमोर पाण्याचा पडदा कोसळतो. आत बसलेल्यास पाणी व त्यापलीकडील उजेड स्पष्ट दिसतो. बाहेर उभे राहणाऱ्यास मात्र महालाच्या आतले फारसे काही दिसत नाही. अंधारातून उजेडात पाहणे सोपे, उजेडातून अंधारात पाहणे कठीण. मत्स्यपेटीतील मासा उजेडात असतो, ही गोष्ट पुढील चर्चेत ध्यानात ठेवावी लागेल.

२. काच, पाणी व हवा

पार्श्वपट कोणत्या रंगाचा असावा याहूनही तो काचेला कसा भिडलेला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३, काचेचा सुमारे १.५२ व हवेचा जवळजवळ १ असतो. पाण्यातून काचेत जाताना लंब दिशेने येणाऱ्या प्रकाशापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग परावर्तित होतो. काचेतून हवेत जाताना मात्र हा भाग चार टक्क्यांच्या आसपास जातो, आणि प्रकाश जसजसा तिरपा येतो तसतसा तो वाढत जातो. पाण्यात लंबाशी सुमारे ४८.६ अंशांपेक्षा अधिक कोन करून आलेला किरण मधल्या काचेमुळे वाचत नाही. हवेच्या सीमेवर त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. अशा किरणापुरती ती काच म्हणजे आरसाच होय.

याचा परिणाम बाजूच्या काचांवर फार स्पष्ट दिसतो. समोरच्या काचेच्या लंबाशी सुमारे ६२ अंशांपेक्षा कमी कोन करून पाहणाऱ्याची दृष्टी जेव्हा पाण्यातून बाजूच्या काचेवर पडते, तेव्हा ती क्रांतिक कोनाच्या पलीकडे असते. म्हणून बाजूच्या काचेवर बाहेरून सैल लावलेला कागद समोरून मुळीच दिसत नाही. त्या जागी पेटीच्या अंतर्भागाचे प्रतिबिंब दिसते. कागद खराब निघाला अशी समजूत होऊन तो बदलला जातो आणि दुसऱ्या कागदाचीही तीच गत होते. दोष कागदाचा नसून कागद व काच यांच्यामधील हवेच्या पातळ थराचा असतो.

मागील काच समोरच्या काचेला समांतर असल्याने तेथे समोरून पाहणाऱ्याच्या बाबतीत पूर्ण परावर्तन घडत नाही व कागद दिसतो. तथापि काच व हवा यांच्या सीमेवरील अंशतः परावर्तनामुळे प्रकाशित माशाची फिकट दुसरी आकृती त्यावर हलताना दिसते. शिवाय काठावरून ओघळलेले पाणी कागदामागे शिरले, की जेथे ते शिरले तेथे कागद काचेला प्रकाशदृष्ट्या जोडला जातो व उरलेल्या ठिकाणी तसाच सुटा राहतो. त्यामुळे देखाव्यावर ओल्या डागांचा नकाशा उमटतो. पाणी जड असल्यास ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे पुट मागे राहते, आणि ते काचेवरून काढणे त्रासाचे असते.

उपाय स्पष्ट आहे. काच व पार्श्वपट यांच्यामध्ये हवा राहू देता कामा नये. तैलरंगाचा थर वाळल्यावर काचेला निकट चिकटतो, आणि त्यातील बंधकद्रव्याचा वक्रीभवनांक काचेच्या जवळपास असतो. म्हणून काचेच्या मागील पृष्ठावरील आरसा जवळजवळ नाहीसा होतो. कागदच लावावयाचा असल्यास मध्ये ग्लिसरिनचा पातळ थर दिला असता हाच हेतू साधतो. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४७ आहे. चुन्याची सफेदी किंवा भुकटीचा डिस्टेंपर मात्र या कामी उपयोगाचा नाही. तो सच्छिद्र असल्याने त्याच्या कणांमध्ये हवा राहते.

३. माशाची बाजू

आता पेटीच्या आतून विचार करावयाचा आहे. मोकळ्या काचेजवळ असलेल्या माशाला बाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतच दिसते. त्या शंकूबाहेर त्याच्यापुढे आरसा असतो. रात्री खोली अंधारी व पेटीतील दिवा चालू असला, म्हणजे शंकूच्या आतही काचेवरील चार टक्क्यांचे परावर्तन जाणवण्याजोगे होते. पाणीमहालाच्या उदाहरणात उजेडात उभे राहणाऱ्याची जी स्थिती, तीच येथे माशाची. आपल्या जातीच्या दुसऱ्या नराला हद्दीत येऊ न देणारे मासे, उदाहरणार्थ बेट्टा व अनेक सिक्लिड, आपल्या प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावून जातात. प्रतिस्पर्धी माघार घेत नाही व निघूनही जात नाही, त्यामुळे झुंज संपत नाही. तीन बाजूंच्या काचा बाहेरून रंगविल्या की या आरशांपैकी समोरचा तेवढा उरतो. ज्या थराने मनुष्याला स्वच्छ दिसते, त्याच थराने माशाला स्वस्थता लाभते.

रंगाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. माशांच्या त्वचेत कृष्णरंजक पेशी असतात. त्यांतील रंगकण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिकट दिसतो. फिकट पृष्ठभूमीवर पोष ग्रंथीतून रक्तात येणारे, रंगकण गोळा करणारे संप्रेरक वाढते. हे संप्रेरक १९८३ मध्ये सामन माशाच्या पोष ग्रंथीतून वेगळे करण्यात आले. त्याच्या उलट कार्य करणारे, रंगकण पसरविणारे संप्रेरकही असते, आणि अनेक जातींत मज्जातंतूंचा प्रभावही यात मिसळलेला असतो. हा बदल काही मिनिटांत किंवा तासांत घडतो. तीच पृष्ठभूमी कित्येक आठवडे टिकली, तर कृष्णरंजक पेशींच्या संख्येतही फरक पडतो, आणि तो लवकर उलटत नाही.

या अनुकूलनाला रक्षणमूल्य आहे काय, याची कसोटी फ्रान्सिस सम्नर याने १९३४ मध्ये घेतली. गॅम्बुसिया जातीचे मासे काही आठवडे काळ्या व पांढऱ्या टाक्यांत ठेवून त्याने गडद व फिकट असे दोन गट तयार केले. नंतर दोन्ही गट मिसळून गडद व फिकट हौदांत सोडले आणि त्यांवर पेंग्विन सोडला. दोन्ही हौदांत पृष्ठभूमीशी विसंगत असलेले मासे अधिक प्रमाणात बळी पडले. गॅम्बुसिया व गप्पी ही एकाच कुळातील मत्स्ये होत, आणि डासांच्या अळ्यांच्या नाशासाठी दोन्हींचा वापर भारतात दीर्घकाळ होत आलेला आहे. आरोग्य विभागाकडून गावोगावच्या साठवणीच्या पाण्यात सोडला जाणारा गप्पी घरच्या पेटीतही सहज येतो, आणि अणदूरसारख्या ठिकाणचे जड पाणी त्याला मानवते.

यात एक बाब विशेष लक्षणीय आहे. पृष्ठभूमी गडद की फिकट, हे मासा नुसत्या मागील भिंतीवरून ठरवीत नाही. वरून येणारा प्रकाश व खालून परावर्तित होणारा प्रकाश हे दृष्टिपटलाच्या भिन्न भागांवर पडतात, आणि त्यांच्या गुणोत्तरास मासा प्रतिसाद देतो. म्हणून मागे काळा पट व तळाशी संगमरवराचे पांढरे खडे अशी मांडणी केली, तर पार्श्वपटाचा उद्देश बराचसा वाया जातो. तळ व पार्श्वपट यांची निवड एकत्रच करावयास हवी.

४. निवड

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा, की सामान्य घरगुती पेटीस गडद, एकरंगी व चकाकी नसलेला पार्श्वपट सर्वांत योग्य होय. काळा, गडद करडा किंवा तपकिरी यांपैकी कोणताही रंग चालतो. अशा पटापुढे वनस्पतींची हिरवळ व माशांचे रंग उठून दिसतात, नळ्या व तारा नजरेस येत नाहीत. गडद पटाचा एक दोषही सांगितला पाहिजे : मागील काचेवरील घाण व शेवाळ त्यावर लवकर दिसून येत नाही, त्यामुळे स्वच्छतेचा वार ठरवून घ्यावा लागतो. शिवाय गडद रंग ऊन शोषतो. पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेली काळी पेटी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धोकादायक तापते. पाणी २० अंश सेल्सिअसला असताना समुद्रसपाटीवर त्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांस सुमारे ७.५ मिलिग्रॅमच, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

गडद पट सर्व जातींस सारखाच मानवतो, असे मात्र नाही. उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यातील मासे मध्यम करड्या पटापुढे अधिक स्वाभाविक वागतात. जातीच्या मूळ अधिवासाचा विचार करावा, हा नियम. काळा रंग हे त्याचे केवळ बहुतेक वेळा येणारे उत्तर.

आतून बसविण्याचे उठावदार पार्श्वपट कोरीव खडकासारखे दिसतात आणि आकर्षक असतात. परंतु त्यांचा हिशेब आधी करावा. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ३६ उंच पेटीत ६४.८ लिटर पाणी मावते. तिच्या मागील बाजूस ३ सेंटीमीटर जाडीचा थर्मोकोलचा पट बसविला, तर ६.४८ लिटर, म्हणजे एकदशांश पाणी कमी होते. कमी पाणी लवकर तापते व लवकर दूषित होते. तितक्याच पाण्याचे उत्थापक बल त्या पटावर वर ढकलणारे असते, ते ६ किलोग्रॅम वजनाहून अधिक होते. जोड सुटला तर पट झाडांसह वर येतो. पट व काच यांत फट राहिल्यास लहान मासे तेथे अडकून मरतात आणि कुजणारी घाण साचते. पटावर सिमेंटचा लेप दिला असल्यास त्यातील चुना कित्येक दिवस पाण्यात उतरत राहतो. पाणी वारंवार बदलून त्याची अल्कधर्मिता स्थिर झाल्याखेरीज मासे सोडू नयेत.

स्थानिक दगड वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. याबाबतीत अणदूरच्या परिसरात एक चूक सहज घडण्याजोगी आहे. घराघरांत असणारी शहाबादी फरशी व ओट्यावरील काळा कडप्पा हे दोन्ही दगड दिसावयास पार्श्वपटास साजेसे, परंतु जातीने चुनखडक आहेत. मुळातच जड असलेल्या विहिरीच्या पाण्यात त्यांचा परिणाम थोडा होतो. पण जारचे किंवा शुद्धीकरण यंत्राचे मृदू पाणी वापरणाऱ्याच्या पेटीत ते हळूहळू विरघळून पाण्याचे स्वरूप बदलतात. काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, त्यामानाने निष्क्रिय आहे; मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइटचे स्फटिक असतात. दगडावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे येतात काय, हे पाहिले म्हणजे संशय फिटतो. तळासाठी कातळाची बारीक खडी वापरावयाची असल्यास पाणी स्वच्छ येईपर्यंत तिची भुकटी धुऊन काढावी.

५. मांडणीची रीत

पार्श्वपटाचे काम पेटी रिकामी असतानाच उरकावे. भरलेली पेटी हलविता येत नाही, आणि भिंत व पेटी यांच्यामधील बोटभर जागेत कोणतेही काम नीट होत नाही.

रंग द्यावयाचा असल्यास तो काचेच्या बाहेरील पृष्ठावरच द्यावा. काच प्रथम साबणाच्या पाण्याने व नंतर स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी. समोरच्या काचेकडील कडांवर चिकटपट्टी लावून घ्यावी. पेटी आडवी ठेवून लहान रुळाने पातळ हात द्यावा. जाड थर ओघळतो व पुढे पोपडे धरतो. पहिला हात वाळल्यावर दुसरा पहिल्याला काटकोनात फिरवावा. दिवा आत ठेवून बाहेरून पाहिले असता प्रकाशाची टिंबे दिसत असतील, तर तिसरा हात द्यावा. सांध्यावरील सिलिकोनवर रंग धरत नाही; तेथे काळी चिकटपट्टी पुरेशी होते. रंगाचा वास पूर्णपणे जाईपर्यंत, निदान काही दिवस, पेटी हवेशीर जागी उघडी ठेवावी.

ज्यांना पुढे पट बदलण्याची सोय हवी असेल, त्यांनी पाण्याने न भिजणारा प्लास्टिकचा गडद पत्रा घ्यावा. तो काचेपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा कापावा. काचेवर ग्लिसरिनचे मोजके थेंब पसरून पत्रा एका कडेपासून टेकवीत न्यावा आणि रबरी पट्टीने मध्यापासून कडांकडे दाबीत हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. नंतर जादा भाग कापून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, कारण ग्लिसरिन हवेतील ओलावा शोषून घेते व पावसाळ्यात कडा सुटतात.

आतील पट सिलिकोनने बसवावयाचा असल्यास काच पूर्ण कोरडी असावी. बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकोन घ्यावे. ते सर्व कडांना अखंड लावावे व घट्ट होण्यास काही दिवस द्यावेत. पाणी प्रथम अर्धेच भरून एक दिवस पाहावे.

६. निरीक्षणाची नोंद

प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला या साध्या विषयातून घेण्याजोगा एक धडा आहे. कर्नल सायक्स याने दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केली, आणि 'मुल्या', 'खुद्री' अशी येथील लोकांच्या तोंडची नावे शास्त्रीय नामावलीत कायम झाली. तेव्हापासून आजपर्यंत माशाच्या वर्णनात रंगाला स्थान आहे. परंतु जाळ्यातून काढून पांढऱ्या तामचिनी तसराळ्यात ठेवलेला मासा थोड्याच वेळात फिकट होतो, आणि काळ्या बादलीतला गडद राहतो. एकाच डोहातील एकाच जातीच्या दोन माशांची दोन वर्णने त्यामुळे तयार होतात. माशाच्या रंगाविषयी किंवा वर्तनाविषयी जेथे नोंद केली जाते, तेथे पार्श्वपटाचा रंग व पृष्ठ, तळाचा रंग, दिव्याची दिशा आणि त्या स्थितीत माशाने घालविलेला काळ या चार गोष्टी लिहून ठेवणे आवश्यक आहे. त्यांवाचून केलेली रंगाची नोंद पुढील अभ्यासकास तुलनेसाठी वापरता येत नाही.

प्रयोगशाळेतील काचपात्रांनाही हेच लागू पडते. शेजारी शेजारी ठेवलेल्या उघड्या पात्रांतील मासे एकमेकांना व आपल्या प्रतिबिंबांना पाहत असतात. खिडकीजवळच्या पात्राला मागून ऊन मिळते, कोपऱ्यातल्याला मिळत नाही. सर्व पात्रांच्या तीन बाजू एकाच गडद रंगाने रंगविल्या व तळाशी एकाच प्रकारची खडी टाकली, तर तुलनेतील एक मोठा दोष अल्प खर्चात दूर होतो.

अणदूरच्या घरातील पेटीकडे पुन्हा वळल्यास तिची मांडणी आता सांगता येते. पेटी उन्हापासून दूर, आतल्या भिंतीला लागून असावी. मागील व बाजूच्या काचांवर बाहेरून गडद करड्या रंगाचे दोन-तीन पातळ हात असावेत. तळाशी धुतलेली काळी खडी असावी आणि दिवा वर असावा. बोरीच्या पात्रात जो कातळ आहे, त्याच्याच रंगाची ही मांडणी होय. तीत सोडलेला गप्पी पहिल्या दिवशी कोपऱ्यात दबून राहिला, तरी त्याच्या अंगावरील गडद खुणा ठळक होऊ लागल्या व तो पेटीच्या मध्यभागी येऊन चरू लागला, म्हणजे पार्श्वपट त्याला मानवला असे समजण्यास हरकत नाही.